धंद्यासाठी स्वस्तातला टचस्क्रीन फोन घ्यायचाय? दुकानात जाण्याआधी हा हिशेब करा



"सर, धंदा सुरू करायचाय. दहा-बारा हजारांत कोणता फोन घेऊ?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतोच. विचारणाऱ्याला एका मॉडेलचं नाव हवं असतं. मी ते सांगत नाही. बाजारात सतत नवी मॉडेलं येतात, आज सांगितलेलं नाव दिवाळीपर्यंत दुकानातून गायब झालेलं असतं. त्यापेक्षा फोन पारखायची पद्धत तुमच्या हातात असेल, तर आजचा फोनही निवडता येईल आणि तीन वर्षांनंतरचाही.

व्हिडिओमध्ये वेळेअभावी सगळं बोलता येत नाही, म्हणून हा लेख सविस्तर लिहितोय. वही-पेन जवळ घेऊन बसा.

फोन म्हणजे तुमच्या धंद्याचं अवजार

समजा, तुम्ही घरगुती मसाल्यांचा धंदा सुरू करताय आणि हातात ३०,००० रुपये आहेत. त्यातले १८,००० फोनवर गेले, तर उरलेल्या १२,००० मध्ये मिरची, धने, खोबरं, वजनकाटा, सीलिंग मशीन आणि पाकिटं बसवायची. पहिली ऑर्डर मोठी आली, तर कच्चा माल आणायला पैसे नाहीत. फोनवर ९,००० खर्च केले, तर २१,००० उरतात. हेच तुमचं खेळतं भांडवल. नवा धंदा बऱ्याचदा गिऱ्हाईक नसल्याने नाही, तर हे भांडवल आटल्याने अडतो.

आता दुसरी बाजू. पैसे वाचवायचे म्हणून अगदीच कमकुवत फोन घेतला. दिवाळीच्या आठवड्यात गिऱ्हाईक समोर उभं आहे, पैसे आले की नाही ते बघायचंय आणि ॲप उघडतच नाही. तिकडे व्हॉट्सॲपवर चार ऑर्डरी येऊन पडल्यात, पण स्टोरेज भरल्यामुळे फोटो उतरत नाहीत. फोनवर वाचवलेले दोन हजार त्या एका आठवड्यातच गेले.

म्हणजे प्रश्न "स्वस्त की महाग" असा नाहीच. शिलाई मशीन घेताना तुम्ही विचारता ना, दिवसाला किती ब्लाउज शिवायचेत? पिको-फॉल करायचाय का? तसंच फोनला विचारायचं: माझं रोजचं काम तू किती दिवस, न अडता करशील आणि त्याचे महिन्याला किती घेशील?

पायरी पहिली : कामांची यादी लिहा

फोनची माहिती वाचायच्या आधी स्वतःचा दिवस कागदावर लिहा. सकाळी भवानी होण्यापासून रात्री हिशेब मिटेपर्यंत फोन कशाकशाला लागतो? साधारण यादी अशी निघते: कॉल, व्हॉट्सॲपवर ऑर्डर, पैसे आल्याची खात्री, मालाचे फोटो, उधारीची नोंद, बिल पाठवणं, पत्ता शोधणं.

आता प्रत्येक कामापुढे "रोज", "आठवड्यातून" किंवा "कधीतरी" लिहा. फोन निवडायचा तो "रोज"च्या कामांवर. "कधीतरी"च्या कामासाठी जास्तीचे पाच हजार घालू नका, ते काम सायबर कॅफेत जाऊनही होतं.

तीन उदाहरणं बघू.

घरगुती खाद्यपदार्थ करणाऱ्या ताईंना रोज फोटो काढायचेत, कॅटलॉगला लावायचेत, गिऱ्हाइकांना उत्तरं द्यायचीत, तेही पीठ लागलेल्या किंवा ओल्या हातांनी. त्यांना कॅमेरा, स्टोरेज आणि टच महत्त्वाचा.

इलेक्ट्रिशियन किंवा प्लंबर दिवसभर बाहेर असतो. त्याला दमदार बॅटरी, मोठा आवाज, उन्हात दिसणारा स्क्रीन आणि पडला तरी टिकणारी बांधणी हवी. त्याच्या दृष्टीने कॅमेरा म्हणजे जळालेल्या स्विचचा फोटो मालकाला पाठवता आला की झालं.

भाजीच्या गाडीवाल्या दादांचं काम आणखी सोपं. पैसे घ्यायला छापील क्यूआर कोड पुरतो, फोन लागतो तो फक्त खात्रीसाठी. गर्दीच्या वेळी बँकेचा किंवा पेमेंट कंपनीचा आवाज देणारा साउंडबॉक्स असला, तर फोन खिशातच राहतो. साध्या बटणाच्या फोनवरूनही यूपीआय वापरता येतं. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये त्यासाठी यूपीआय १२३पे ही सोय सुरू केली. तेव्हा "सगळे घेतात म्हणून" महागडा फोन घ्यायची गरज त्यांना नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, आधी अंथरूण मोजायचं ते असं.

पायरी दुसरी : खोक्यावरचं लिखाण वाचायला शिका

१. रॅम

रॅम म्हणजे तुमच्या कामाचं टेबल. टेबल मोठं असेल, तर व्हॉट्सॲप, पेमेंट ॲप आणि हिशेबाचं ॲप एकाच वेळी मांडून ठेवता येतात. टेबल लहान असेल, तर एक उघडलं की दुसरं बंद पडतं. आजच्या घडीला धंद्यासाठी ४ जीबीच्या खाली जाऊ नका, ६ जीबी मिळाली तर उत्तम.

एक गोष्ट नीट बघा. खोक्यावर मोठ्या अक्षरात "८ जीबी रॅम" आणि खाली बारीक अक्षरात "४ + ४" असं लिहिलेलं असतं. त्यातली दुसरी ४ ही खरी रॅम नाही. फोन आपल्याच स्टोरेजमधली जागा रॅमसारखी वापरतो आणि ती खऱ्या रॅमपेक्षा बरीच मंद असते. दुकानदाराला सरळ विचारा, "यातली खरी रॅम किती?"

२. स्टोरेज

रॅम टेबल, तर स्टोरेज म्हणजे कपाट. इथे हिशेब करूनच ठरवा. समजा, तुम्ही रोज ४० फोटो काढता आणि एक फोटो साधारण ४ एमबीचा. म्हणजे दिवसाला १६० एमबी. महिन्याचे २५ दिवस काम धरलं तर ४ जीबी, वर्षाला ४८ जीबी. शिवाय गिऱ्हाइकांनी पाठवलेले व्हिडिओ आणि घरच्या ग्रुपवरचे सुप्रभातचे फोटो वेगळे! ६४ जीबीच्या फोनमध्ये अँड्रॉइड आणि कंपनीची ॲप आधीच बरीच जागा अडवून बसलेली असतात. तेव्हा फोटोंचं काम असेल, तर १२८ जीबी घ्या. फोटोंचं काम नसेल, तर ६४ जीबीत भागतं.

मेमरी कार्डाची सोय असली तर चांगलंच, पण कार्डावर मुख्यतः फोटो, व्हिडिओ जातात. ॲप आणि त्यांचा पसारा फोनच्या आतच राहतो.

आणखी एक शब्द लक्षात ठेवा. स्टोरेजच्या माहितीत "ईएमएमसी" किंवा "यूएफएस" लिहिलेलं असतं. यूएफएस वेगवान. रॅम सारखीच असलेल्या दोन फोनांपैकी यूएफएसवाल्यात ॲप लवकर उघडतात, फोटो लवकर सेव्ह होतात. दोन फोनांत मन अडकलं, तर या एका शब्दावर निर्णय घ्यायला हरकत नाही.

३. अँड्रॉइड आणि अपडेट

हा मुद्दा सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. फोन चालू असतो, पण त्यावरची ॲप चालेनाशी होतात. व्हॉट्सॲपने २०२५ च्या सुरुवातीपासून अँड्रॉइड ५ च्या आधीच्या फोनांना साथ देणं थांबवलं. बँकांची आणि पेमेंटची ॲपही सुरक्षेसाठी जुन्या अँड्रॉइडवर चालणं हळूहळू बंद होतं. तुमचा गल्लाच त्या ॲपमध्ये असेल, तर फोन कितीही चकाचक असला तरी उपयोग काय?

म्हणून दोन प्रश्न विचारा: यात अँड्रॉइडची कोणती आवृत्ती आहे? कंपनी सुरक्षेचे अपडेट किती वर्षं देणार आहे? दुकानदाराला माहीत नसेल, तर कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेलचं नाव टाकून बघा. दोन वर्षं जुनं मॉडेल "सेल"मध्ये स्वस्त मिळत असेल, तर त्याच्या अपडेटची दोन वर्षं आधीच संपलेली असतात, हे विसरू नका.

४. स्क्रीन आणि टच

टचस्क्रीन फोनवर सगळं काम बोटाने होतं, म्हणून इथे जरा थांबू.

आजकालचे स्क्रीन कपॅसिटिव्ह प्रकारचे असतात. काचेखाली बारीक विद्युत क्षेत्र असतं, तुमचं बोट लागलं की त्यात बदल होतो आणि कुठे स्पर्श झाला ते फोनला कळतं. म्हणूनच जाड रबरी हातमोजा घातला की टच लागत नाही, आणि काचेवर पाण्याचे थेंब असले की भलतंच बटण दाबलं जातं. डेअरी, खानावळ, मासळी, गाड्या धुण्याचं सेंटर अशा ओल्या कामाच्या धंद्यात ही रोजची अडचण आहे. जाड किंवा हलक्या दर्जाचा स्क्रीन गार्ड लावला, तर टच आणखी मंदावतो.

दुकानात ही तपासणी करा:

– कोणत्याही ॲपचं चिन्ह दाबून धरा आणि बोट न उचलता स्क्रीनच्या चारही कडांपर्यंत ओढा. मध्येच सुटलं, तर त्या जागी टचमध्ये दोष असू शकतो.
– मराठी कीबोर्ड लावून "श्रीखंड, ज्येष्ठ, कृष्णा, ऑर्डर मिळाली" एवढं टाइप करा. जोडाक्षरं लिहिताना बोट शेजारच्या बटणावर जात असेल, तर स्क्रीन तुमच्या बोटांना लहान पडतोय.
– मराठीत बोलून टाइप करून बघा. हात कामात असताना हीच सोय सगळ्यात जास्त उपयोगी पडते.
– बोट किंचित ओलं करून स्क्रीन सरकवा. थोडी गडबड सगळेच फोन करतात, पण पूर्ण गोंधळतो तो नको.
– फोन घेऊन दुकानाबाहेर उन्हात या. ब्राइटनेस पूर्ण वाढवा. क्यूआर कोड आणि रकमेचे आकडे दिसतात का?

स्क्रीन एचडी प्लस की फुल एचडी, यावरून फार डोकं शिणवू नका. ऑर्डर वाचायला आणि बिल पाठवायला एचडी प्लस पुरतं. व्हिडिओ एडिटिंग हाच धंदा असेल, तर गोष्ट वेगळी.

५. बॅटरी आणि चार्जर

या किमतीत आता ५,००० एमएएचची बॅटरी सर्रास मिळते. फरक पडतो तो चार्जरमुळे. ५,००० एमएएच म्हणजे साधारण १९ वॉट-तास. १० वॉटचा चार्जर कागदावर दोन तासांत भरेल, पण प्रत्यक्षात अडीच-तीन तास लागतात. कारण थोडी वीज वाया जाते आणि शेवटी शेवटी फोन स्वतःच चार्जिंग हळू करतो. गावात भारनियमन असेल, तर १८ वॉट किंवा जास्तीचा चार्जर खरोखर कामाचा.

खोक्यात चार्जर आहे का, तेही बघा. काही मॉडेलमध्ये फक्त केबल येते. वेगळा घ्यावा लागला, तर बीआयएसची खूण आणि "आर"ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असलेलाच घ्या. फुटपाथवरच्या शंभर रुपयांच्या चार्जरने दहा हजारांचा फोन धोक्यात घालू नका.

६. कॅमेरा

५० मेगापिक्सेल हा आकडा ऐकून भुलू नका. मागे तीन गोल दिसतात, त्यातले एक-दोन २ मेगापिक्सेलचे, बहुतेक शोभेचेच असतात. तपासणी सोपी आहे. तुमचा माल सोबत घेऊन जा, मसाल्याचं पाकीट, शिवलेला ब्लाउज, जे असेल ते. ट्यूबलाइटखाली फोटो काढा. रंग खरे येतात का? लाल मिरची केशरी दिसते का? मग एका छापील बिलाचा फोटो काढून मोठा करून वाचा. अक्षरं स्पष्ट दिसली, तर तुमच्या कामापुरता कॅमेरा चांगला आहे.

७. नेटवर्क

आधी तुमच्या कामाच्या जागी कोणत्या कंपनीची रेंज येते ते बघा, मग फोन. जिओचं २जी-३जी नेटवर्कच नाही, त्यामुळे तिथे कॉलसाठीसुद्धा ४जी-व्होल्टी लागतं. ५जी फोन घेणार असाल, तर माहितीपत्रकात एन७८ आणि एन२८ हे बँड आहेत का बघा. तुमच्या भागात ५जी आलंच नसेल, तर नुसत्या त्या नावासाठी दोन हजार जास्त देऊ नका.

सराव : एका खऱ्या फोनचा कागद वाचू

पद्धत पक्की करायला एक खरं उदाहरण घेऊ. ४ नोव्हेंबर २०२१ ला, दिवाळीच्या मुहूर्तावर, जिओफोन नेक्स्ट बाजारात आला. किंमत ६,४९९ रुपये. पहिल्यांदाच टचस्क्रीन फोन घेणाऱ्यांसाठी गूगल आणि जिओने मिळून तो आणला होता. रॅम २ जीबी, स्टोरेज ३२ जीबी आणि मेमरी कार्डाची सोय, स्क्रीन ५.४५ इंच, बॅटरी ३,५०० एमएएच, मागे १३ मेगापिक्सेलचा एक कॅमेरा. स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्याची आणि भाषांतराची सोयही होती.

आता आपल्या यादीशी ताडून बघा. कॉल, व्हॉट्सॲप, पैशांची खात्री एवढंच काम असणाऱ्याला तेव्हा हा फोन चालण्यासारखा होता. वाचायला अडचण असलेल्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवणारी सोय तर मोलाचीच. पण रोज ४० फोटो काढणाऱ्या ताईंना? ३२ जीबीचं कपाट काही महिन्यांत भरणार. २ जीबीचं टेबल तीन ॲपना अपुरं. फोन तोच, पण एका धंद्याला योग्य आणि दुसऱ्याला अडचणीचा. म्हणूनच मी मॉडेलचं नाव सांगत नाही.

याच फोनच्या हप्त्यांचा हिशेबही शिकण्यासारखा आहे. सुरुवातीला १,९९९ रुपये आणि प्रक्रिया शुल्क ५०१, म्हणजे २,५००. त्यानंतर एका योजनेत २४ महिने, दरमहा ३०० रुपये, म्हणजे ७,२००. एकूण ९,७००. रोख घेतला तर ६,४९९. फरक ३,२०१ रुपयांचा. मग हप्ता महाग का? थांबा. त्या ३०० मध्ये दरमहा ५ जीबी डेटा आणि १०० मिनिटं बोलणं धरलेलं होतं. ३,२०१ ला २४ ने भागलं की महिन्याला साधारण १३३ रुपये येतात. म्हणजे खरा प्रश्न असा: दरमहा ५ जीबी आणि १०० मिनिटं मला पुरतात का? दिवसाला जेमतेम १७० एमबी आणि तीन-साडेतीन मिनिटं बोलणं. दिवसभर ऑर्डरी घेणाऱ्याला ते पुरणार नाही, वर वेगळा रिचार्ज करावा लागेल.

कोणतीही हप्त्याची योजना समोर आली, की फोनचे पैसे वेगळे, प्लॅनचे वेगळे आणि शुल्काचे वेगळे लिहा. "महिन्याला फक्त ३००" यातला "फक्त" आपोआप गळून पडतो.

पायरी तिसरी : महिन्याचा खरा खर्च काढा

सूत्र सोपं आहे. फोनची किंमत, त्यात कव्हर-गार्ड आणि हप्त्याचे शुल्क मिळवा. जितके महिने फोन नीट काम करील असं वाटतं, त्या महिन्यांनी भागा.

– फोन अ : ७,००० + ४०० = ७,४००. अपेक्षित आयुष्य १८ महिने. महिन्याला ४११ रुपये.
– फोन ब : १०,५०० + ४०० = १०,९००. अपेक्षित आयुष्य ३६ महिने. महिन्याला ३०३ रुपये.
– फोन क : १८,००० + ५०० = १८,५००. अपेक्षित आयुष्य ४२ महिने. महिन्याला ४४० रुपये.

महिन्याचे २६ दिवस काम धरलं, तर "अ" रोज साधारण १६ रुपये घेतो, "ब" १२ आणि "क" १७. सगळ्यात स्वस्त दिसणारा फोन वापरायला महाग पडला. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे आकडे घालून हिशेब करा.

पण एवढ्यावर "ब" घेऊन मोकळे होऊ नका. "ब"साठी आज ३,५०० रुपये जास्त लागतात. त्या ३,५०० अभावी पहिल्या ऑर्डरचा कच्चा माल अडणार असेल, तर सध्या "अ" घ्या किंवा घरातला चालू स्थितीतला फोन साफ करून वापरा. सहा महिन्यांनी नफ्यातून "ब" घ्या. आधी गिऱ्हाईक, मग फोन.

"नो कॉस्ट ईएमआय" ऐकलं की तीन गोष्टी विचारा: प्रक्रिया शुल्क किती? क्रेडिट कार्डावर असेल, तर व्याजाच्या भागावर जीएसटी लागतो, तो किती? आणि रोख दिले तर किती सूट? रोखीवर मिळणारी सूट हप्त्यात गेली, तर तेच व्याज समजा.

दुरुस्तीचा खर्चही आधीच विचारा. "या मॉडेलचा ओरिजिनल डिस्प्ले बदलायला किती आणि सर्व्हिस सेंटर कुठे?" स्वस्त फोनचा डिस्प्ले कधीकधी किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यावर जातो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! तालुक्याला सेंटर नसेल आणि जिल्ह्याच्या गावी जावं लागणार असेल, तर एसटीचं भाडं आणि बुडालेला एक दिवस हाही खर्चच.

बिल आणि जीएसटी

पक्कं बिल घ्याच. मोबाइलवर एप्रिल २०२० पासून १८ टक्के जीएसटी आहे. ११,८०० च्या बिलात १०,००० फोनचे आणि १,८०० कराचे असतात. तुमची नियमित जीएसटी नोंदणी असेल आणि फोन धंद्यासाठी असेल, तर बिलावर धंद्याचं नाव आणि जीएसटी क्रमांक टाकून घ्या. त्या कराचं इनपुट क्रेडिट मिळू शकतं. कंपोझिशन योजनेत असाल किंवा नोंदणीच नसेल, तर ते मिळत नाही. नेमकं तुमच्या बाबतीत काय, ते तुमच्या सीएला विचारा. नोंदणी नसली तरी बिल लागतंच, वॉरंटीसाठी आणि चोरीच्या तक्रारीसाठी.

जुना फोन घेताय?

वाईट पर्याय नाही, पण डोळे उघडे ठेवून. आधी *#०६# डायल करा, आयएमईआय क्रमांक दिसेल. तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. मग इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरं, एक जागा सोडून तो पंधरा आकडी क्रमांक असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. सरकारच्या संचार साथी पोर्टलवरही हीच तपासणी होते. क्रमांक ब्लॅकलिस्टमध्ये निघाला, तर फोन चोरीचा असू शकतो. कितीही स्वस्त मिळाला तरी हात लावू नका.

आधीच्या मालकाचं गूगल खातं त्याच्यासमोरच काढायला लावा, नाहीतर रिसेट केल्यावर फोन त्याचाच पासवर्ड मागत बसेल. अर्धा तास वापरून बॅटरी किती उतरते आणि फोन किती तापतो तेही बघा. "रिफर्बिश्ड" म्हणून दुकानातून घेत असाल, तर वॉरंटी लेखी घ्या.

आणि अविश्वसनीय स्वस्ताईपासून सावध. फेब्रुवारी २०१६ मध्ये "फ्रीडम २५१" नावाचा स्मार्टफोन २५१ रुपयांत देण्याची जाहिरात झाली होती. नोंदणीला एवढी गर्दी उसळली की वेबसाइट बंद पडली. पुढे ते प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. एवढ्या पैशांत स्क्रीन, बॅटरी, प्रोसेसर येतील का, हा साधा हिशेब केला असता, तरी उत्तर मिळालं असतं. आजही "निम्म्या किमतीत फोन, आधी पैसे भरा" असे मेसेज येतात. तोच हिशेब करा.

फोन हातात आल्यावर पहिल्या दिवशी

– धंद्याचं वेगळं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस सुरू करा. ॲप मोफत आहे. कॅटलॉग, ठरावीक उत्तरं आणि गिऱ्हाइकांना लेबल लावण्याची सोय त्यात आहे.
– स्क्रीन लॉक, पेमेंट ॲपचं लॉक आणि व्हॉट्सॲपची टू-स्टेप पिन लावा.
– बॅकअप सुरू करा. फोन गेला तर दुसरा घेता येतो, उधारीची यादी गेली तर ती वसूल कशी करणार?
– आयएमईआय क्रमांक वहीत लिहा. फोन हरवला तर पोलीस तक्रार करून संचार साथीवर तो ब्लॉक करता येतो.
– कुणी "मदत करतो" म्हणून स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगितलं, तर टाकू नका. पैशांची फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.
– हा फोन मुलांच्या गेमसाठी नाही, हे घरात पहिल्याच दिवशी प्रेमाने सांगा!

आणि हो, दुकानदार वॉरंटी नाकारत असेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

तुमचा गृहपाठ

आज रात्री एका कागदावर तीन ओळी लिहा. पहिली, माझी "रोज"ची पाच कामं. दुसरी, फोनला दिले तरी माझं खेळतं भांडवल अडणार नाही अशी जास्तीत जास्त रक्कम. तिसरी, दोन फोनांचा महिन्याचा खर्च. कागद खिशात ठेवून दुकानात जा, स्वतःचा माल आणि स्वतःचं सिम सोबत न्या, पंधरा मिनिटं फोन हाताळल्याशिवाय पैसे देऊ नका. दुकानदार घाई करायला लागला, तर शेजारी दुसरं दुकान आहेच.

ऑनलाइन घेणार असाल, तरी दुकानात जाऊन तेच मॉडेल आधी हातात घेऊन बघा. त्याला पैसे पडत नाहीत.

तीन ओळी लिहून झाल्या की तुमचा धंदा आणि तुमची "रोज"ची पाच कामं कळवा. पुढच्या भागात याच फोनवर, साध्या उजेडात, मालाचे विकाऊ फोटो कसे काढायचे ते शिकू. तोवर हिशेब लिहित राहा, धंदा वाढवत राहा!